रियांशचा अर्थ विचारला तर काय सांगू?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई सत्तावीस वर्षांच्या, नवरा बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला. पहिलाच मुलगा, आता अडीच महिन्यांचा. जन्मल्यावर कावीळ वाढली म्हणून बाळाला तीन दिवस निळ्या लाइटखाली ठेवावं लागलं. त्या तिन्ही रात्री दवाखान्यात नणंद थांबली होती. बारशाला कुर्रर्र करून बाळाच्या कानात नाव सांगितलं तेही तिनंच: रियांश. नाव मोबाइलवरच्या ॲपमधून काढलेलं. तिथे अर्थ दिला होता, ‘संस्कृत शब्द, सूर्याचा पहिला किरण’. ती ओळ आमंत्रणाच्या कार्डावर छापली गेली आणि सोनेरी अक्षरांत फ्रेम होऊन पाळण्याच्या वर भिंतीवरही लागली. घुगऱ्या वाटून होईपर्यंत चुलतसासरे फ्रेमसमोर उभे राहिले. ते निवृत्त शिक्षक. म्हणाले, ‘असला शब्दच नाही संस्कृतात. कुठनं आणलासा?’ सासूबाईंचं आधीच मन खट्टू होतं, कारण आजेसासऱ्यांचं यल्लाप्पा हे नाव घरात परत यावं असं त्यांना वाटत होतं. त्यात अंगणवाडीच्या बाई बाळाला ‘रियांशा’ म्हणतात. जन्माची नोंद झाली आहे, नावाचा रकाना मात्र अजून कोरा आहे. ताई विचारतात: ‘नाव खोटं निघालं. दाखल्यावर चढायच्या आधी बदलावं काय? बदललं तर नणंदेला काय वाटेल? आणि तसंच ठेवलं तर उद्या पोरानं अर्थ विचारल्यावर मी काय सांगू?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी चुलतसासऱ्यांचं म्हणणं सरळ मान्य करूया, कारण ते बरोबर आहे.

संस्कृतात ‘अंश’ म्हणजे भाग, वाटा. देवांश म्हणजे देवाचा अंश, शिवांश म्हणजे शिवाचा. किरणासाठी शब्द आहे तो ‘अंशु’. हिमांशु म्हणजे ज्याचे किरण थंडगार तो, चंद्र. शेवटचा उकार गेला की किरण जातो आणि नुसता वाटा उरतो. आता नावाचा पहिला तुकडा बघू. ऋग्वेदात ‘रयि’ हा शब्द धनदौलत या अर्थानं पुष्कळदा येतो, पण त्याला अंश जोडला तर संधी होऊन ‘रय्यंश’ होईल, रियांश होणार नाही. ‘प्रिय’ला अंश जोडला तर प्रियांश होतं, आणि त्यातला ‘प्’ गळाला तर रियांश ऐकू येतं. आईचं नाव रिया असेल तर रिया अधिक अंश बरोबर रियांश, व्याकरणाला धरून बिनचूक. तुमची सही पाहिली, तुमचं नाव रिया नाही. मग किरण आला कुठून? माझा अंदाज असा की इंग्रजीतला ‘रे’, म्हणजे किरण, कुणीतरी अंशाच्या पुढे आणून बसवला. हेच नाव काही घरांत ‘रेयांश’ असं लिहितात, त्यावरूनही मला तसं वाटतं. मग एका ठिकाणी लिहिलेला अर्थ दुसऱ्यानं उचलला, तिसऱ्यानं त्याच्याकडून. पुढे ‘संस्कृत’ असा शिक्का असला की विचारणारा माणूस गप्प बसतो.

म्हणजे नाव अलीकडे घडलेलं आहे आणि ॲपनं सांगितलेला अर्थ चुकीचा आहे. एवढंच झालंय. तुम्ही पत्रात या दोन गोष्टींची गाठ मारून ‘नाव खोटं निघालं’ असं लिहिलंत, आणि ती गाठ मला सोडवायची आहे. चुकीचा आहे तो फ्रेमवरचा अर्थ. नावानं कुणाला फसवलेलं नाही.

चुलतसासरे संस्कृत जाणणारे आहेत, म्हणून त्यांच्याच शास्त्रातला दाखला देते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीनं महाभाष्यात शब्दांचे चार प्रकार सांगितले आहेत. गाय हा जातीवरून आलेला शब्द, पांढरा हा गुणावरून, चालणारा हा क्रियेवरून. आणि चौथा यदृच्छाशब्द, म्हणजे ठेवणाऱ्यानं आपल्या मर्जीनं ठेवलेला. व्याकरणाच्या परंपरेत त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘डित्थ’ हे नाव. त्याला ना धातू, ना अर्थ. कुणाला तरी तसं म्हणावंसं वाटलं, म्हटलं. दोन हजार वर्षं संस्कृत शिकणारी मुलं हा डित्थ पाठ करत आली, आणि तो खोटा आहे म्हणून कुणी त्याला पुस्तकातून हाकललं नाही. आईबापांनी घडवलेल्या नावांसाठी व्याकरणानं स्वतंत्र कप्पाच ठेवला होता.

नावाचे नियम जुन्या ग्रंथांत होते हेही खरं. पारस्कर गृह्यसूत्रात म्हटलंय की मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं, मुलीचं विषम अक्षरांचं आणि आकारान्त. रियांश तीन अक्षरांचं, म्हणजे नियमात बसत नाही. पण लक्ष्मण आणि भरत तरी कुठे बसतात? सीता दोन अक्षरांची, सावित्री ईकारान्त. नियम सांगणारे सांगत राहिले आणि लोक आपल्या जिभेला आणि जिवाला जे भावलं ते ठेवत राहिले.

आता तुमच्या घरातल्या दुसऱ्या नावाकडे येते, कारण त्याच्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही. यल्लाप्पा. आपल्याकडे खानापूर-बेळगावच्या मराठी घरांत हे नाव इतकं मुरलेलं आहे की ते आपलंच वाटतं, आणि ते आहेच आपलं. पण ते आलं कुठून? सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्मावरून. कन्नडमध्ये ‘एल्ला’ म्हणजे सगळे, म्हणून यल्लम्मा म्हणजे सगळ्यांची आई, असं लोक सांगतात. मुलगा देवीच्या पदरात घालायचा, तिचं नाव त्याला द्यायचं, पण मुलगा आहे, मग ‘अम्मा’ कशी चालेल? कुणीतरी अम्मा काढली आणि आप्पा लावला. नाव तयार झालं. ताई, हे नाव कुठल्याही पोथीतून आलेलं नाही, आपल्यासारख्याच माणसांनी गरजेपोटी घडवलेलं आहे. अर्धा शब्द इकडचा, अर्धा तिकडचा. मराठी बोलणाऱ्या घरानं कन्नड शब्द उचलला आणि कुणी कोश उघडून पाहिला नाही. सासूबाई यल्लाप्पा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ‘एल्ला’ची व्युत्पत्ती नसते. त्यांना यात्रेची बैलगाडी दिसत असेल, उधळलेला भंडारा दिसत असेल, आणि ते आजोबा दिसत असतील.

विठ्ठलाचंच बघा ना. रा. गो. भांडारकरांनी मत मांडलं की विष्णूचं कन्नड वळणाचं रूप विठु, आणि त्यावरून विठ्ठल. कुणी म्हणतं विटेवर उभा म्हणून विठ्ठल. इतर अभ्यासकांची आणखी वेगळी मतं आहेत. ज्ञानदेवांनी तर त्याला कानडाच म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही, आणि दर आषाढीला आपल्या भागातून दिंड्या निघतात त्यातल्या एकाही माणसाचं पाऊल त्या वादापायी अडलेलं नाही.

मी एवढं सगळं सांगते ते अर्थाला काही किंमत नाही असं म्हणण्यासाठी नव्हे. किंमत आहे, आणि कधीकधी फार मोठी असते. मुलगी नको होती म्हणून तिला ‘नकुशी’ म्हणायची रीत सातारा भागात होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनानं २८० हून अधिक अशा मुलींची नावं एका समारंभात बदलून दिली. कितीतरी मुलींनी आपलं नवं नाव आपणच निवडलं. तो अर्थ समजायला कोश लागत नव्हता. शाळेत हजेरीला नाव पुकारलं की सगळ्या वर्गाला तो कळत होता, रोज. रोजच्या बोलीत जो अर्थ ऐकू येतो तो पोराला टोचतो किंवा सुखावतो. कोशातल्या अर्थाचं तसं होत नाही. अनिकेत हे नाव आपण किती हौसेनं ठेवतो, आणि त्याचा अर्थ आहे ज्याला घर नाही असा. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं वर्णन करताना तो शब्द आलाय आणि तिथे तो फार सुंदर आहे. पण बांधलेल्या बंगल्याच्या पाटीवर अनिकेत नाव कोरताना कुणाचा हात थबकत नाही, कारण रोजच्या बोलण्यात तो अर्थ ऐकू येत नाही.

रियांश या शब्दातून मराठीत वाईट काही ऐकू येत नाही, कन्नडमध्येही नाही. कानाला मऊ आहे. त्याला आज कोशात अर्थ नाही, म्हणजे ती जागा मोकळी आहे. तिथे काय भरायचं हे तुमच्या हातात आहे.

आणि ती जागा तुमच्या नणंदेनं आधीच भरून ठेवली आहे असं मला वाटतं. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, घाईघाईत लिहिलेल्या चार ओळी आहेत. बाळ निळ्या लाइटखाली होतं, डोळ्यांवर पांढरी पट्टी, अंगावर फक्त लंगोट. तुम्ही टाक्यांमुळे उठू शकत नव्हता. नणंद काचेबाहेर बाकावर बसायची, रात्रभर जागी राहण्यासाठी मोबाइलवर नावं बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं पट्टी काढून बाळ तिच्या हातात दिलं आणि सांगितलं की आता घरी रोज थोडं कोवळ्या उन्हात धरा. तुम्ही लिहिलंय, ‘त्याच दिवशी तिनं हे नाव पक्कं केलं.’ एवढं लिहून तुम्ही पुढे फ्रेमच्या लाजेकडे वळलात.

ताई, तिथे थांबा जरा. तीन रात्री ते बाळ त्या निळ्या उजेडात होतं. ते बाहेर आलं त्या सकाळी त्याच्या आत्याला ॲपमधल्या शेकडो नावांपैकी ‘सूर्याचा पहिला किरण’ असं पुढे लिहिलेलं नाव सापडलं आणि तिनं बोट तिथे ठेवलं. ॲपनं भाषा चुकीची सांगितली. पण आत्याला जे म्हणायचं होतं त्यात काय चूक आहे? उद्या रियांश पाच-सहा वर्षांचा होऊन विचारेल तेव्हा त्याला हेच सांगा, जसं घडलं तसं. ‘तुला कावीळ झाली होती. तू निळ्या लाइटखाली होतास. तुझी आत्या तीन रात्री झोपली नाही. तू बाहेर आलास तेव्हा सकाळचं ऊन पडलं होतं, म्हणून तिनं किरण समजून हे नाव तुला दिलं. संस्कृतात तो शब्द सापडत नाही, पण आमच्या घरात तो आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. मुलं मोठी होतात, स्वतः शोधतात. आईनं सांगितलेली गोष्ट खरी निघाली की त्यांना फार बरं वाटतं.

आता बदलायचं की नाही.

तुमच्या चार पानी पत्रात चुलतसासऱ्यांना काय वाटलं ते आहे, सासूबाईंना काय वाटलं ते आहे, नणंदेला काय वाटेल याची काळजी आहे. तुम्हाला स्वतःला ते नाव आवडतं की नाही, हे एकदाही नाही. रात्री तीनला दूध पाजताना, घरात बाकी कुणी जागं नसताना, तुमच्या तोंडून बाळाला कोणती हाक जाते? ‘रियू’, ‘रियांश’ अशी जात असेल तर तुमचा निर्णय झालेला आहे. आणि ते नाव तोंडात येतच नसेल, तुम्ही नुसतं ‘बाळा’, ‘सोन्या’वर भागवत असाल, तर मात्र थोडं थांबा. एखादं नाव आईच्या तोंडात बसत नाही, हे ते बदलण्याचं पुरेसं कारण आहे. संस्कृतात ते नाही, हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

बदलायचं ठरलंच, तर ते सगळ्यांच्या आधी नणंदेला कळलं पाहिजे, आणि तुमच्या तोंडून, दोघीच असताना. सासूबाईंकडून किंवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तिला कळलं तर ती जखम लवकर भरणार नाही. आपल्याकडे बारशाला आत्याचा मान असतो तो काय नुसत्या साडीचोळीचा नसतो. नवं नाव शोधायला तिलाच बसवा. पण तुमचा प्रश्न वाचून मला असं वाटतंय की तुम्हाला बदलायचं नाही, बदलावं लागेल याची भीती वाटतेय.

सासूबाईंच्या दुःखाकडे मात्र दुर्लक्ष करू नका, ते चुलतसासऱ्यांच्या आक्षेपापेक्षा खोल आहे. आपल्या भागात सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. यल्लाप्पा हे त्यांच्या सासऱ्यांचं नाव. चाळीस वर्षं त्या घरात राहून त्यांनी ते नाव मोठ्यानं कितीदा उच्चारलं असेल? नातवाला तेच नाव ठेवलं असतं तरी त्यांनी त्याला ‘यल्लाप्पा, इकडं ये’ म्हटलं नसतं. जिथं आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तिथं घरात त्याला ‘आप्पा’ म्हणतात, ‘नाना’ म्हणतात. म्हणजे त्यांना परत हवी आहे ती बहुतेक घरातली हाक, दाखल्यावरची अक्षरं त्यांच्या दृष्टीनं नंतरची. मग तुमच्या बाळाला घरात आप्पा म्हणायला काय हरकत आहे? सासूबाईंकडे जाऊन म्हणा, ‘आत्ती, कागदावर रियांश असू दे, घरात आपण ह्याला आप्पा म्हणूया. पहिली हाक तुम्ही मारा.’ आणि मग खरोखर म्हणा. सासूबाईंना बरं वाटावं म्हणून चार दिवस म्हणून सोडून दिलंत तर त्यांना ते लगेच कळेल, आणि आधीपेक्षा जास्त लागेल.

एका माणसाला दोन-तीन नावं असणं आपल्याला नवं नाही. भटजींनी नक्षत्रावरून काढलेलं एक, पाळण्यातलं एक, शाळेतलं एक. ज्या शहराला आपण तोंडानं बेळगाव म्हणतो आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ज्याचं बेळगावी झालंय, आणि जुन्या शिलालेखांत जे वेणुग्राम म्हणजे बांबूंचं गाव म्हणून येतं, तिथं जाऊन-येऊन जगणाऱ्या माणसाला हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

कागदाचं थोडक्यात सांगते, कारण इथं घाई आणि दिरंगाई दोन्ही महागात पडतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली बाळाची नोंद नावाशिवाय होऊ शकते, तशी तुमची झालीच आहे. नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत नाव दिलं तर त्याला फी लागत नाही. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नाव घालता येतं. तेव्हा उद्याच्या उद्या धावायची गरज नाही, पण वर्ष उलटू देऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदारयादी अशा सगळ्या ठिकाणी जन्माच्या पुराव्याला हा जन्मदाखलाच लागणार आहे. एकदा नाव चढलं की लिहिण्यातली चूक दुरुस्त करून मिळते, पण मन बदललं म्हणून नाव बदलणं हे फार लांबचं काम होतं.

म्हणून नाव द्यायच्या आधी एका कोऱ्या कागदावर ते तीनदा लिहा: मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत. इंग्रजीत आर-आय-वाय करायचं की आर-ई-वाय, हे आत्ताच ठरवा आणि लसीकरणाच्या कार्डापासून आधारपर्यंत तेच ठेवा. आपल्या सीमाभागात मुलांची निम्मी डोकेदुखी इथून सुरू होते. एका कागदावर नाव-वडिलांचं नाव-आडनाव या क्रमानं, दुसऱ्यावर आडनावाचं नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर कन्नडमधून इंग्रजीत जाताना वाढलेला एखादा ए. दहावीच्या अर्जाच्या वेळी मग बाप सुट्टी टाकून कचेऱ्या फिरत बसतो.

अंगणवाडीच्या बाई रियांशा म्हणतात ते त्यांचं चुकत नाही, हेही समजून घ्या. आपण शेवटच्या अक्षरातला अ लिहितो पण म्हणत नाही. महेश लिहितो आणि ‘महेश्’ म्हणतो. कन्नडमध्ये जे लिहिलं ते पूर्ण म्हणतात, म्हणून तिथे महेशचा महेशा होतो, गणेशचा गणेशा. कन्नड अक्षरांत नाव लिहिताना शेवटच्या ‘श’चा पाय मोडून घ्या, म्हणजे ते रियांश् असंच वाचलं जाईल. आणि तरीही कुणी रियांशा म्हटलंच, तर आपणही अंगणातून हाक मारताना महेशा, गणेशा असंच ओढून म्हणतो की. आपल्या भाषेत ती संबोधनाची विभक्ती आहे. बाई त्याला हाकच मारताहेत.

या पत्राच्या निमित्तानं आणखी कितीतरी जणींनी वेगवेगळ्या पत्रांतून विचारलेलं सांगून टाकते. बाळाचं नाव अजून ठरायचं असेल आणि ॲपमधून घेत असाल तर जरूर घ्या, फक्त तिथला अर्थ दुसरीकडे पडताळून बघा. संस्कृत म्हटलं असेल तर आपट्यांचा संस्कृत कोश, मराठी म्हटलं असेल तर मोल्सवर्थचा कोश, दोन्ही आता इंटरनेटवर फुकट बघता येतात. सापडलं नाही तर नाव टाकू नका, अर्थाचा दावा टाका. कियारा हे नाव एका अर्थी इटालियन ‘क्यारा’, म्हणजे उजळ, स्वच्छ. तसंच ऐकू येणारं आयरिश नाव आहे त्याचा अर्थ मात्र काळोखी, सावळी. मायरा हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीनं (१५५४–१६२८) आपल्या कवितांतल्या प्रेयसीसाठी घडवलं, आणि राजस्थानात मायरा म्हणजे भाच्याच्या किंवा भाचीच्या लग्नात मामानं आणलेला आहेर. यांतलं कुठलंही नाव आपल्या लेकीला छान शोभेल, फक्त कार्डावर ‘संस्कृत’ छापू नका. आणि सीमेवर राहतो म्हणून एक जास्तीची काळजी घ्या: नाव आणि त्याचं लाडाचं रूप शेजारच्या कन्नड काकूंना एकदा म्हणून दाखवा. मुलीला लाडानं ‘इली’ म्हणायचं ठरवाल, आणि कन्नडमध्ये इली म्हणजे उंदीर. हे पहिलीच्या वर्गात कळण्यापेक्षा पाळण्याजवळ कळलेलं बरं. ‘जाई’सारख्या नावातला आपला ज कन्नड तोंडी ‘जीव’मधल्या ज सारखा होतो, तेही एकदा ऐकून घ्या आणि मग ठरवा.

ताई, आता ती फ्रेम. तुम्ही ती उतरवून कपाटामागे ठेवलीय असं लिहिलंय. ती पुन्हा लावा. नावाची अक्षरं आहेत तशी राहू देत. खालची ओळ तेवढी बदलून घ्या. ज्या दुकानात केली तिथे नेऊन दिली की ते नवी पट्टी चिकटवून देतील. त्या ओळीत ‘आत्यानं ठेवलेलं नाव’ एवढं लिहा आणि बाळाला निळ्या लाइटखालून बाहेर काढलं त्या दिवसाची तारीख घाला. तारीख नणंदेला विचारा, तिला पाठ असेल.

आणि दाखल्यावर नाव घालायला जाल तेव्हा चुलतसासऱ्यांना सोबत न्या. आयुष्यभर त्यांनी मुलांच्या वह्यांतलं शुद्धलेखन तपासलंय, आणि आपल्याकडचे त्यांच्या वयाचे शिक्षक बहुधा कन्नडही चांगलं लिहितात. त्यांना आधी सांगा, ‘काका, तुमचं बरोबर होतं, हा शब्द संस्कृतात नाही. नाव मात्र आम्ही हेच ठेवतोय.’ मग तो तीन लिप्यांतला कागद त्यांच्या हातात द्या आणि अर्जावर कन्नडमधल्या ‘श’चा पाय नीट मोडलाय की नाही, ते त्यांनाच बघू द्या.